बैठकीत कुणी मान डोलावली नाही, म्हणून कल्पना मोडीत काढायची का?

प्रश्न विचारणारे तरुण कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत मेथडिंग, म्हणजे साच्यात धातू कुठून आणि कसा ओतायचा याची आखणी, बघतात. एसजी आयर्नच्या (ग्राफाइटच्या गोळ्या असलेल्या ओतीव लोखंडाच्या) एका जाड जॉबचा, म्हणजे ओतलेल्या भागाचा, रायझर (जोडून ठेवलेला धातूचा जादा साठा) पूर्ण काढून टाकता येईल, असं त्यांनी बैठकीत मांडलं. गणित केलेलं होतं, आकृती काढलेली होती. कुणी विरोध केला नाही आणि कुणी बरंही म्हटलं नाही. एक जण हसला, चहा आला, पुढचा विषय निघाला. आता ते विचारतात: ‘कल्पनेला स्वतःचं काही मोल असतं का, की चार लोकांनी वाखाणली तरच ती मोलाची? कुणी दादच देत नसेल तर माझी कल्पना चांगली होती या म्हणण्याला अर्थ काय?’

प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि मी ओतकामातला माणूस. शिरोलीच्या एमआयडीसीत जन्म गेला, आता सल्ला देत हिंडतो. तरी उत्तर देतो, कारण आमच्या धंद्यात या प्रश्नाचा निकाल फार लवकर लागतो. साच्यात ओतलेल्या धातूला बैठकीत काय ठरलं ते माहीत नसतं.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेत. कल्पना बरोबर आहे का? ती इथं, या घडीला करण्याजोगी आहे का? आणि तिचं श्रेय मला मिळेल का? तिसऱ्याचं उत्तर सर्वस्वी लोकांच्या हातात आहे, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. अडचण अशी की तिसरा प्रश्न मनात सलत असला की पहिल्या दोहोंचं उत्तरही लोकांच्याच हातात आहे असं वाटायला लागतं. तसं ते नाही, असं माझं मत आहे. पण ‘नाही’ म्हणताना काही अटी घालाव्या लागतात, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी तुमच्या रायझरकडंच बघू. ओतकामाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. धातू थंड होताना आकसतो. जॉबचा जो भाग सगळ्यात शेवटी गोठतो तिथं धातू कमी पडतो आणि आत पोकळी राहते, तिला आम्ही श्रिंकेज म्हणतो. ती भरून निघावी म्हणून जॉबला जोडून धातूचा एक जादा साठा ठेवतात, तो रायझर. जॉब गार झाल्यावर रायझर तोडून परत भट्टीत टाकायचा. म्हणजे तेवढा धातू वितळवायची वीज दर वेळी वाया. रायझर जॉबच्या नंतर गोठला पाहिजे, आणि कोण आधी गोठेल हे आकारमान आणि पृष्ठभाग यांच्या गुणोत्तरावर ठरतं. ख्वोरिनोव्ह यांनी १९४० मध्ये मांडलेला हा नियम आजही प्रत्येक मेथडिंगवाला वापरतो.

पण एसजी आयर्नची गंमत वेगळी आहे. ते गोठत असताना आत ग्राफाइटच्या गोळ्या तयार होतात. ग्राफाइट लोखंडाच्या मानानं फार हलकं, त्यामुळं तेवढ्याच वजनाला जागा जास्त लागते आणि धातू आतून फुगतो. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरून ठेवलेली पाण्याची बाटली फुगते ना, तसा. बाटली कच्ची असेल तर ती बाहेर फुगते. साच्याचंही तेच. साचा दगडासारखा घट्ट असेल तर हा फुगवटा बाहेर जाऊ शकत नाही, तो आतल्याच पोकळ्या बुजवतो आणि जॉब स्वतःची भूक स्वतःच भागवतो, रायझर लागत नाही. साचा मऊ असेल तर त्याच्या भिंती मागं सरकतात, जॉब मापापेक्षा मोठा होतो आणि शिवाय आत श्रिंकेज राहतंच.

म्हणजे ‘रायझर काढा’ ही एकच कल्पना नो-बेक (न भाजता रसायनानं घट्ट होणाऱ्या) वाळूच्या घट्ट साच्यात, जाड जॉबला, कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन आणि सिलिकॉनचा एकत्रित हिशोब) पुरेसा असताना, इनॉक्युलेशन (ग्राफाइट नीट तयार व्हावं म्हणून धातूत मिसळायची पूड) नीट झालेलं असताना, इनगेट (धातू साच्यात शिरायची वाट) पातळ ठेवून आणि ओतण्याचं तापमान आवरून केली तर सोन्याची. तीच कल्पना हातानं दाबलेल्या ओल्या वाळूत केली तर रिजेक्शनचा ढीग. ढीग बघून म्हणायचं काय? कल्पनेला स्वतःचं मोल नाही, सगळं सापेक्ष आहे?

सापेक्ष आहेच. पण कशाला सापेक्ष, ते बघा. वाळूच्या घट्टपणाला, जॉबच्या जाडीला, तापमानाला. बैठकीतल्या माणसांच्या मताला सापेक्ष असल्याचं यात कुठंच दिसत नाही. घट्टपणा मोजणारा हार्डनेस टेस्टर साच्यावर टेकवला की काटा जे दाखवायचं ते दाखवतो, टेकवणारा मालक असो की हेल्पर. लोक नेमके इथंच घसरतात. मोल परिस्थितीवर अवलंबून आहे हे एकदा पटलं की ते लोकांच्या आवडीवर अवलंबून आहे असं धरून चालतात. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याचं उदाहरण घेतो, ते ओतकामापेक्षा सगळ्यांना जवळचं. नदीच्या पात्रात दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत बर्गे, म्हणजे फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे काढायचे, पूर आणि गाळ दोन्ही मोकळे निघून जातात. पाणी पात्रातच साठतं, त्यामुळं कुणाची जमीन बुडत नाही. राधानगरीतून सोडलेलं पाणी भोगावतीत एका बंधाऱ्यामागून दुसऱ्या बंधाऱ्यात अडत येतं आणि काठावरचे शेतकरी ते उपसून उसाला देतात. इतकी साधी आणि इतकी नेमकी कल्पना मला दुसरी पटकन आठवत नाही.

तिचं कौतुक झालं, राज्यभर असे बंधारे बांधले गेले, नावसुद्धा ‘कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा’ असंच पडलं. आणि जिथं दिवाळीपर्यंतच नदीची धार आटते तिथं बर्गे घालायच्या वेळेला अडवायला पाणीच नसतं. काही ठिकाणी पाणी असतं, पण बर्गे चोरीला जातात, नाहीतर कुणी वेळेवर घालतच नाही. कौतुक सगळीकडं तेच होतं, पाणी मात्र सगळीकडं साठलं नाही. दादेचा आणि मोलाचा संबंध किती सैल असतो हे बघायला लांब जायला नको. या उदाहरणात दाद जास्त पडली, तुमच्या बाबतीत कमी पडली, इतकाच फरक.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, लोखंड आणि पाणी मोजता येतं. पण कल्पना कुणालाच पटली नाही, कुणी वापरलीच नाही, तर तिचं मोल होतं कुठं? हा आक्षेप वजनदार आहे. त्याला मी मेंडेलचे वाटाणे दाखवतो. आनुवंशिकतेचे नियम शोधताना ग्रेगोर मेंडेलनं गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतले वाटाणे मोजले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळपास तीनास एक. निबंध १८६६ मध्ये छापला, फारसं कुणी लक्ष दिलं नाही, १८८४ मध्ये तो गेला. मग १९०० मध्ये द फ्रीस, कोरेन्स आणि चेरमाक हे तिघं आपापल्या प्रयोगांतून त्याच जागी येऊन पोचले. मधली ३४ वर्षं वाटाण्यांनी सुट्टी घेतली नव्हती. मोल लोकांच्या मान्यतेनं तयार होत असतं तर या तिघांना तीच गोष्ट पुन्हा सापडायचं कारण नव्हतं.

पण मेंडेलची गोष्ट मला थोडी धोक्याचीही वाटते, कारण ती ऐकून प्रत्येक उपेक्षित माणसाला आपण मेंडेल आहोत असं वाटायला लागतं. उपेक्षा झालेल्या ज्या कल्पना पुढं खऱ्या ठरल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत येतात. ज्या उपेक्षेच्याच लायकीच्या होत्या त्यांची गोष्ट कोण सांगत बसणार? माझ्याकडं पाण्यावर चालणारं इंजिन घेऊन आलेले लोक आहेत, कायमचं फिरत राहणारं चाक घेऊन आलेले आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे गुणी आणि हट्टी लोक पिढ्यान्‌पिढ्या निघतात आणि मला ते आवडतात. पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही याचा पुरावा म्हणून उपयोग शून्य. लोकांची वाहवा कल्पनेला मोठी करत नाही, तशीच लोकांची उपेक्षाही तिला मोठी करत नाही.

याहून बोधक आहेत व्हिएन्नाचे डॉक्टर सेमेलवाइस. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. डॉक्टर आणि विद्यार्थी ज्या विभागात काम करायचे तिथं बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायका सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त. शवविच्छेदन करताना सुरीची जखम होऊन त्यांचे एक सहकारी वारले आणि त्यांची लक्षणं बाळंतज्वरासारखीच होती. सेमेलवाइसनी निष्कर्ष काढला की शवागारातून हाताला लागून काहीतरी येतं. मे १८४७ पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुणं त्यांनी सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतं, जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं. आकडे समोर होते, तरी बऱ्याच मोठ्या डॉक्टरांनी ते मानलं नाही.

ही गोष्ट एरवी ‘जग आंधळं असतं’ एवढं सांगण्यासाठी वापरतात. मला त्यातलं दुसरंच काहीतरी महत्त्वाचं वाटतं. त्यांची कृती बरोबर होती, पण तिच्यामागचं स्पष्टीकरण अर्धवट होतं. जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता. शिवाय त्यांनी आपलं काम सविस्तर लिहून छापलं ते १८६१ मध्ये, आणि विरोधकांना पत्रं लिहिली ती भांडणाच्या सुरात. म्हणजे एकाच कल्पनेत एक थर पक्का होता, एक कच्चा होता आणि सांगण्याची रीत वाईट होती. या तिन्हींचा हिशोब वेगवेगळा करावा लागतो. हात धुतल्यानं जे जीव वाचले ते सेमेलवाइस गोड बोलले असते म्हणून जास्त वाचले नसते. पण गोड बोलले असते तर आणखी कितीतरी रुग्णालयांत वाचले असते. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि तुम्ही दोन्ही लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

मग दाद निरुपयोगी का? नाही. दाद हा एक पुरावा आहे, फक्त तो कुणाकडून आलाय ते बघावं लागतं. आपल्याकडं कौतुकाला कुणी हात आखडता घेत नाही. मिसळ असो, कुस्ती असो, शेजाऱ्याची नवी बुलेट असो, ‘नाद खुळा’ म्हणून माणसं मोकळी. त्यात बोलणाऱ्याचा मोठेपणा असतो, वस्तूबद्दल माहिती फारशी नसते. उलट साचा भरणारा जुना मोल्डर तुमची आकृती बघून नुसतं ‘खालच्या कोपऱ्यात वाळू दबत नाही ओ’ एवढंच म्हणाला, तर ती दाद नव्हे, पण दहा जणांच्या वाहवेपेक्षा जास्त किमतीची गोष्ट आहे. त्या कोपऱ्यात साचा मऊ राहणार, म्हणजे तुमच्या कल्पनेची मुख्य अट तिथंच मोडणार. तुमच्या बैठकीत कुणी असा आक्षेप घेतला होता का? नसेल तर तुमची कल्पना नाकारलीच गेलेली नाही, ती कुणी तपासलेलीच नाही. हसणं हा आक्षेप नव्हे.

पेटंटचा कायदाही हेच धरून चालतो. शोध नवा आहे का, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा तर नाही ना, उद्योगात वापरता येतो का, हे तिथं विचारतात. तो लोकांना आवडला का, हे विचारत नाहीत. पुढं त्यातून पैसा मिळतो की नाही हे मात्र बाजार ठरवतो. विकायला काढलेल्या कल्पनेचा भाव लोकच ठरवणार, त्यावर रुसून उपयोग नाही.

दोन ठिकाणी माझं हे म्हणणं इतकं सरळ चालत नाही, ते लपवत नाही. पहिलं, कला. गाण्याचं मोल टेस्टर लावून कळत नाही, तिथं ऐकणारा कान हवाच. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत गेला, पूर्वीसारखा परत आलाच नाही, आणि उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी घडवली, असं सांगतात. कोल्हापूर दरबारात ती बहरली. अनवट राग, पेचदार ताना, पहिल्या ऐकण्यात हाताला न लागणारी लयीची गुंफण. रस्त्यावरच्या गर्दीला विचारलं असतं तर तिनं दुसरंच काही पसंत केलं असतं. पण त्याच गायकीतून केसरबाई केरकर झाल्या, मोगूबाई कुर्डीकर झाल्या, आणि केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर बसवून अवकाशात पाठवली. तिथं ऐकायला कोणी आहे की नाही कुणास ठाऊक. कलेत रसिकाशिवाय मोल नाही हे मी मान्य करतो. मात्र रसिक किती, हा आकडा मोलाचा भाग आहे हे मान्य करत नाही. कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं ऐकायला पंचवीस माणसं बसली असतील आणि त्यांतल्या चौघांना सम कुठं येणार हे आधी कळत असेल, तर त्या चौघांचं मत मी हजारांच्या मतापेक्षा वर धरीन. याला कुणी उच्चभ्रूपणा म्हणेल. म्हणू दे.

दुसरं ठिकाण न्याय-अन्यायाचं, आणि कोल्हापुरात बसून ते टाळता येत नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानाच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागास वर्गांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला. त्या वेळी लोकांची दाद मोजायला कुणी बसलं असतं तर मोजलं काय असतं? जे वर्तमानपत्रांत लिहू शकत होते, ज्यांच्या ओळखी होत्या, जे आधीच नोकरीत होते, त्यांचीच मतं. ज्यांच्यासाठी जाहीरनामा निघाला त्यांच्यापैकी बहुतेकांना तो वाचताही येत नव्हता. न्यायाचं मोल तराजूत टाकून दाखवता येतं असा माझा दावा नाही, तो माझा प्रांतही नाही. पण ‘लोकांना पटलं तरच मोल’ असं म्हणणाऱ्यानं आधी लोक म्हणजे कोण हे सांगावं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ खोलीत बसलेले आणि बोलू शकणारे लोक एवढाच निघतो. तुमच्या बैठकीतही साचा भरणारा माणूस नव्हता, असा माझा अंदाज आहे.

तर एवढं सगळं धरून तुमच्या तीन प्रश्नांकडं वळतो. कल्पना बरोबर आहे का, हे तुमच्या बैठकीनं ठरत नाही आणि माझ्या या उत्तरानंही ठरत नाही. तत्त्व म्हणून ती अनेक फाउंड्रींत चालते, एवढंच मी सांगू शकतो. तुमच्या फाउंड्रीत ती चालेल का, हे वाळूवर आहे. श्रेयाचं मी काही सांगू शकत नाही. आमच्या धंद्यात चाललेली युक्ती दोन महिन्यांत ‘आम्ही पहिल्यापासून असंच करतो’ होऊन जाते. त्याचं वाईट वाटणार असेल तर आत्ताच वाटून घ्या.

काम म्हणून करायचं ते असं. पॅटर्नवरचा रायझर कायमचा कापू नका, काढता-घालता येईल असा सुटा करून घ्या. पॅटर्न शॉपमध्ये सांगितलं तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. नो-बेक लाइन असेल तर तिथं थोडे साचे रायझरशिवाय भरा आणि तेवढेच रायझरसकट, एकाच हीटमधून (भट्टीच्या एकाच वितळणीतून) ओता, म्हणजे धातूत फरक पडला असं कुणाला म्हणता येणार नाही. साच्याचा घट्टपणा वर, खाली आणि त्या कोपऱ्यात वेगवेगळा मोजून लिहून ठेवा. मोल्डरला आधीच विचारा, त्याचं नाव ट्रायल रिपोर्टवर घाला. जॉब गार झाले की माप घ्या, वजन करा, मग बॅन्ड सॉवर मधोमध कापा. मशीन शॉपकडून बोरिंगमध्ये खड्डा निघाल्याची तक्रार यायची वाट बघू नका. पुढच्या बैठकीत आकृती नेऊ नका, कापलेले दोन तुकडे टेबलावर ठेवा आणि वाचलेल्या धातूचं वजन सांगा.

कापल्यावर आत श्रिंकेज निघालं तर लगेच रायझर परत बसवून मोकळे होऊ नका. जॉब मापानं मोठा झालाय का ते आधी बघा. मोठा झाला असेल तर दोष साच्याच्या घट्टपणाचा. माप बरोबर असून पोकळी असेल तर कार्बन इक्विव्हॅलंट, इनॉक्युलेशन आणि ओतण्याचं तापमान तपासा, आणि इनगेट वेळेवर गोठले का तेही. मला पुन्हा लिहिलंत तर कापलेल्या भागाच्या फोटोबरोबर हे आकडेही पाठवा. नुसत्या फोटोवरून मी काही बोलणार नाही.